झरीच्या म्हशीचे सत्तेचाळीस फोटो

१ जुलै, मंगळवार. सकाळी ७

यंदा कंपनीने एजंटांना डायरी दिली नाही. म्हणे आता सगळं मोबाईलमध्ये. सत्तावीस वर्षं दर जानेवारीला मिळणारी रेक्झिनची डायरी एका ईमेलने बंद. म्हणून गेल्या वर्षीच्या डायरीतली कोरी पानं वापरतोय. वार जुळत नाहीत, खोडून लिहायचे. ही वही कोणी वाचायची नाही. बायकोने, त्रिवेणीने तर नाहीच.

बातमी अशी की आजपासून जनावरांचा विमा फक्त ॲपवर. फॉर्म बंद, कानातला पिवळा बिल्ला बंद, कार्बन पेपर बंद. ऑफिसात एसीखाली बसून कोणीतरी ठरवलं. या लोकांना म्हैस आणि रेडा पुढून ओळखू येत नाही, पण ॲप काढता येतं.

३१ जुलैपर्यंत सर्वात जास्त जनावरं नोंदवणारा एजंट ‘जिल्हा डिजिटल चॅम्पियन’. पुढे सीनियर सल्लागार म्हणून नेमणूक, दारावर पाटी.

संकल्प: चॅम्पियन मीच. परभणी जिल्ह्यात दुसरा आहे कोण?

२ जुलै. दुपारी ४

ट्रेनिंग झालं. शिकवायला शाखेच्या मॅनेजर सुकेशनी मॅडम. मी पहिली पॉलिसी काढली तेव्हा या बाई तिसरीत असतील. आता मला पॉलिसी शिकवतात.

क्लाउड म्हणजे काय, असं मीच मुद्दाम विचारलं, बाकीच्या अडाणी मंडळींना कळावं म्हणून. उत्तर दिलं राजेश्रीने. ही नवीन एजंट, वय चोवीस, अनुभव चार महिने. म्हणे, काका, आपला कागद आपल्या कपाटात न ठेवता कंपनीच्या कपाटात ठेवायचा, अन् त्या कपाटाच्या किल्ल्या लय जणांकडं. सगळे हसले. मी हसलो नाही. ‘काका’ काय? ऑफिसात ‘सर’ म्हणायची पद्धत असते.

मग मॅडमनी जनावराच्या नाकाबद्दल काहीतरी सुरू केलं. पडद्यावर एवढं मोठं म्हशीचं नाक. सत्तावीस वर्षांत मी कमी नाकं पाहिलीत का? उठून चहाला गेलो. परत आलो तर नाक संपलेलं आणि राजेश्रीच्या वहीची दोन पानं भरलेली. शाळा सुटली तरी वही सुटत नाही या पोरींची.

५ जुलै. सकाळी ११

ॲप उतरवलं. पासवर्ड तीन वेळा चुकला, चोवीस तास कुलूप. चूक सर्व्हरची. मी तेच टाकत होतो, त्याला ओळखता येत नव्हतं.

त्रिवेणी म्हणाली, तुम्ही शेवटचं अक्षर रोज वेगळं टाकताय. तिला सांगितलं, यातलं तुला काय कळतंय? पूजा आटोपून पुन्हा बसलो आणि तिने सांगितलेलं अक्षर टाकलं. उघडलं. सर्व्हर दुरुस्त झाला असणार.

८ जुलै. संध्याकाळी ६

आजचा दिवस विसरण्यासारखा आहे, म्हणूनच लिहून ठेवतो.

एसटीने गंगाखेड, तिथून राणीसावरगाव. बन्सीधरचा बैल. बन्सीधर माझा अठरा वर्षांचा ग्राहक, आजवर जनावराचं तोंड न बघता त्याचा विमा उतरवला आणि कधी काही बिघडलं नाही. आता ॲपला बैलाचं नाक पाहिजे. जवळून. ओलं नसलेलं. उजेडात. सरळ.

बैल कधी नाक चाटतो, कधी मान झाडतो. बन्सीधर म्हणाला, अप्पा, तुमी समोर हुबं राहू नका, त्येला चष्मा आवडत न्हाई. चष्मा काढला तर मला मोबाईल दिसेना. दोन तासांनी बैलाने छातीवर ढुशी दिली. मी गव्हाणीत, मोबाईल शेणात. बन्सीधरच्या घरातल्या बायका पदर तोंडाला लावून आत पळाल्या, त्या हसायलाच.

फोटो शून्य. शर्ट गेला. बन्सीधरला म्हटलं, नेटवर्क नाही, नंतर येतो.

९ जुलै

आराम. बरगडी दुखते. विचार केला. हे काम असं होणार नाही. हुशार माणूस कष्टाने नाही, पद्धतीने काम करतो. पद्धत अजून सापडलेली नाही.

१० जुलै. सकाळी ९.३०

सापडली.

सकाळी झरीला गेलो, बायनाबाईकडे. एकटी बाई. एक म्हैस, मैना. त्या म्हशीच्या दुधावरच तिचं घर चालतं, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. दुसरं काही नाही. तिचा विमा मी गेली सहा वर्षं काढतोय.

मैना म्हणजे काय जनावर! दावं न धरता उभी. नाक कोरडं, मान सरळ. पहिल्या फटक्यात फोटो. ॲपवर हिरवी खूण.

मग सहज गंमत म्हणून बन्सीधरचं नाव उघडलं. जनावर: बैल. परत मैनाच्या नाकाचा फोटो. हिरवी खूण!

पाच मिनिटं मी गोठ्यात नुसता उभा होतो. एवढा खर्च, एवढी ट्रेनिंगं, तो क्लाउड, आणि यंत्राला बैल आणि म्हैस यातला फरक कळत नाही. माझ्या दाराबाहेरच्या कुत्र्याला कळतो. आणि ह्या लोकांनी बिल्ला बंद केला!

फसवणूक नाही. लोकांची जनावरं खरी आहेत, हप्ते खरे आहेत, फक्त नाक उसनं आहे. ते कोण बघतंय?

११ जुलै

नऊ जनावरं झाली. वेळ सव्वासात ते साडेआठ, उजेड चांगला.

१३ जुलै

सतरा. बायनाबाई म्हणाली, अप्पा, एवढे फोटो कशाला काढायलाव? तिला काय स्थळ बघायचंय का? तिला सांगितलं, नवीन नियम आहे, एका जनावराचे बरेच फोटो लागतात. ती म्हणाली, काढा मग, तुमचं काम थांबाया नको. चहाही दिला, दुधाचा. मैनाच्याच.

प्रत्येक फोटो वेगळा दिसावा म्हणून थोडी कल्पकता वापरतो. एकदा कपाळाला कुंकू, एकदा गोणपाट, एकदा मी स्वतः शिंगांना लाल हिंगूळ लावला, कारण तो फोटो बैलजोडीच्या नावावर जाणार होता. ऑफिसातल्या एकालाही हे सुचलं नसतं.

१९ जुलै

एकतीस. राजेश्री सहावर आहे. सहा! ती खरंच गोठ्या-गोठ्यात फिरते म्हणे, स्कूटीवर, जिंतूरच्या पलीकडे. परवा ऑफिसात भेटली, हातावर ओरखडे, चपलेला चिखल. मी तिला अनुभवाचे दोन शब्द सांगितले की बाळा, घाई नको. ती म्हणाली, काका, तुमचं लय फास्ट चाललंय, बैल कसे धरता तुम्ही? मी म्हटलं, प्रेमाने.

२४ जुलै. सकाळी ८

सुकेशनी मॅडमचा फोन. अभिनंदन केलं. आवाजात अजून पुरेसा आदर नाही, पण येईल.

मनात विचार आला की राणीसावरगावला एकदा जाऊन खऱ्या बैलाचा फोटो घ्यावा, नंतरला अडचण नको. मग आठवलं, छाती अजून दुखते. पुढच्या आठवड्यात.

२७ जुलै

बन्सीधरचा फोन. त्याच्या पुतण्याने मोबाईलवर पॉलिसी उघडून बघितली. म्हणाला, अप्पा, माझ्या बैलाच्या जागी म्हस दिसायलीय, अन् ती बी कुंकू लावून. मी म्हटलं, तो नमुना फोटो आहे, सगळ्यांना तोच येतो. तो म्हणाला, असं का. समाधान झालं त्याचं. शेतकरी माणूस, विश्वासावर चालतो. पुतणे मात्र जरा जास्तच शिकले आहेत.

३१ जुलै. रात्री

शेवटच्या दिवसाअखेर: सत्तेचाळीस. राजेश्री एकोणीस. बाकीच्यांची नावं लिहून पान खराब करत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ३

सत्कार. शाल, नारळ, चौकटीतलं प्रमाणपत्र. नाव ‘रामलिंग शेटे’ असं बरोबर छापलेलं, हे विशेष. माझं भाषण वीस मिनिटं चाललं. मी सांगितलं, तंत्रज्ञान हातात आलं म्हणून काही होत नाही, मातीत उतरावं लागतं, प्रत्येक गोठ्यात स्वतः जावं लागतं. टाळ्या पडल्या. राजेश्रीने टाळ्या वाजवता वाजवता माझ्या बुटांकडे बघितलं. बूट नवे होते.

मॅडमनी शेवटी सांगितलं की आता सगळे फोटो तपासणीला लागलेत, महिनाअखेर निकाल येईल. कसली तपासणी म्हणून विचारणार होतो, पण तेवढ्यात जेवण सुरू झालं.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी १०

मैना गेली.

पहाटे पोट फुगलं. बायनाबाईने तेल पाजलं, लोकांना हाका मारल्या, डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपला. मी पोचलो तेव्हा म्हैस गोठ्यात आडवी आणि बायनाबाई तिच्या पोटाला हात लावून बसलेली. रडत नव्हती. म्हणाली, अप्पा, सांजच्याला डेअरीवाला येईल, त्येला काय सांगू?

वाईट वाटलं. पण अशा वेळीच माझ्यासारख्या माणसाची गरज असते. मी तिथल्या तिथे सांगितलं, बायनाबाई, जुने दिवस गेले. आता ॲप आहे. तीन दिवसांत क्लेम मिळेल, नवी म्हैस दारात. जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं. दोघांनी माझा नंबर घेतला.

सरकारी डॉक्टरांनी दाखला दिला. मी मेलेल्या मैनाच्या नाकाचा फोटो काढून पाठवला. हिरवी खूण आली नाही. गोल फिरत राहिलं. झरीत नेटवर्क भिकार.

१२ ऑगस्ट. दुपारी २

घरी येऊन बघितलं. लाल पट्टी. ‘हे जनावर सत्तेचाळीस नावांवर नोंदलेले आहे. क्लेम थांबवला आहे.’

सर्व्हरची चूक. मोबाईल बंद करून चालू केला. तीच पट्टी.

१४ ऑगस्ट

बायनाबाईचा फोन. सिस्टीम डाऊन आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, कवा वर येती? मी म्हटलं, सोमवारी.

१६ ऑगस्ट

ॲप काढून पुन्हा टाकलं. पासवर्डचं शेवटचं अक्षर त्रिवेणीला विचारलं. लाल पट्टी गेली नाही. त्रिवेणीने खांद्यावरून वाचली आणि बोट ठेवून पुन्हा वाचली.

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११

बायनाबाई घरी आली. झरीहून एसटीने. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर यायला थोडा वेळ लागला. त्रिवेणीने चहा दिला. बायनाबाईने कप बघितला आणि म्हणाली, पाकिटाचं दूध हाय व्हय? मीबी आता तेच आणायलेय.

मी सांगितलं, वरून चौकशी चालू आहे. ती म्हणाली, चौकशी कशाची, अप्पा? म्हस माझीच व्हती की. सगळ्या गावाला ठाव हाय. मी म्हटलं, गावाला आहे, क्लाउडला नाही. तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, तुमी हाव म्हणून मला घोर न्हाई.

ती गेल्यावर त्रिवेणी म्हणाली, तुम्ही त्या म्हशीचं काय केलंय? मी म्हटलं, काही नाही. पेपर उघडला. पेपर कालचा होता.

२० ऑगस्ट. दुपारी ४

मॅडमच्या केबिनमध्ये पाऊण तास.

जनावराच्या नाकावरच्या रेषा माणसाच्या अंगठ्यासारख्या असतात. दोन जनावरांच्या सारख्या नसतात. फोटो क्लाउडवर गेला की आधीच्या सगळ्या फोटोंशी ताडून बघतात, पण ते महिन्यातून एकदा, नाहीतर क्लेम आला की लगेच. हे त्यांनी २ जुलैलाच सांगितलं होतं. मी चहाला होतो.

शिवाय प्रत्येक फोटोबरोबर जागा आणि वेळ आपोआप जाते. राणीसावरगावचा बैल, जिंतूरच्या दोन म्हशी, सगळे झरीतल्या एकाच गोठ्यात, सकाळी सव्वासात ते साडेआठ. मॅडमनी लॅपटॉप फिरवून नकाशा दाखवला. एका ठिपक्यावर सत्तेचाळीस खुणा. मी म्हटलं, यंत्रात बिघाड असू शकतो. त्यांनी हिंगूळ लावलेला फोटो उघडला. मैना माझ्याकडेच बघत होती.

त्या ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, तुमचं जे व्हायचं ते होईल, अप्पा, पण त्या बाईचा क्लेम यात अडकलाय. एकच म्हैस सत्तेचाळीस लोकांची, तर वरच्या लोकांनी बायनाबाईचीच का म्हणून मानावी? हे सांगू शकणारा माणूस एकच. लेखी पाहिजे.

लेखी दिलं की माझा एजंट कोड गेला. सत्तावीस वर्षं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बाहेर पडलो नाही. खिडकीतून बैल दिसत होते. नाकं बघितली. खरंच प्रत्येकाचं वेगळं असतं.

२३ ऑगस्ट

पत्राचा मसुदा. चार पानं झाली. पहिल्या पानावर ट्रेनिंगमधल्या त्रुटी. दुसऱ्यावर ग्रामीण नेटवर्कची अवस्था. तिसऱ्यावर माझी सेवा, वर्षनिहाय. चौथ्यावर म्हशीचा उल्लेख आहे, पण ओझरता. पत्र चांगलं उतरलंय. तरी पाठवत नाही. दोन दिवस जाऊ द्यावेत.

२५ ऑगस्ट. सकाळी

दोन दिवस गेले. अजून दोन जाऊ द्यावेत. वरचे लोक कदाचित विसरतील.

२६ ऑगस्ट. दुपारी १

झरीला गेलो. का गेलो माहीत नाही, बसमध्ये बसल्यावर उतरता आलं नाही.

गोठा झाडून ठेवलेला. दावं धुऊन खुंटीला लावलेलं. बायनाबाई शेजारच्यांच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, रोजाने. मी सांगून टाकलं. सत्तेचाळीस फोटो, दुसऱ्यांची नावं, सगळं. वाटलं, शिव्या देईल. ती फोडलेले दाणे आणि टरफलं वेगळी करत राहिली. मग म्हणाली, म्हंजी त्या साऱ्यांच्या जनावरांच्या जागी माझी मैना हुबी व्हती?

होय म्हटलं.

म्हणाली, अन् आता ती मेली तर ती माझी न्हाई?

मला लाज वाटली. हे सरळ लिहितो, कारण दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. अशी लाज मला आजवर वाटली नव्हती, किंवा वाटली तरी मी तिला नेटवर्क म्हणत आलो.

ती म्हणाली, तुमी रोज येत व्हताव, म्हणून मीबी इमानानं हुबी करत व्हते तिला. आता तुमीच त्यांना सांगा अप्पा, म्हस कुणाची व्हती ते.

२७ ऑगस्ट

चार पानांचं पत्र घेऊन ऑफिसला गेलो. मॅडमनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि कोरा कागद दिला. त्यावर दोन ओळी लिहिल्या: म्हैस बायनाबाईंची. बाकी शेहेचाळीस फोटो मी खोटे जोडले. सही केली. मॅडमनी माझ्या देखत कागदाचा फोटो काढून वर पाठवला. हिरवी खूण आली.

९ सप्टेंबर

कोड बंद झाल्याचा मेसेज सकाळी ९.०२ ला. बायनाबाईचा क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज ९.०५ ला, तो राजेश्रीने दाखवला. माझे शेहेचाळीस ग्राहक तिच्याकडे दिलेत. ती आता राणीसावरगावला जाणार. मी तिला बन्सीधरच्या बैलाबद्दल सावध केलं. चष्मा घालत नाही म्हणाली.

तसं बघितलं तर बरंच झालं. नोकरशाहीच्या कटकटीतून मोकळा झालो. यापुढे स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून काम करावं म्हणतो. ज्याला अनुभवाची किंमत आहे तो येईलच.

१२ सप्टेंबर

कोणी आलं नाही.

१५ सप्टेंबर

राजेश्रीचा फोन! म्हणाली, काका, उद्या झरीला येता का? बायनाबाईंनी नवी म्हस घेतलीय, विमा करायचाय, तुमच्याशिवाय होत नाही. त्रिवेणीला मुद्दाम मोठ्याने सांगितलं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १

नवी म्हैस नाठाळ आहे. दोघींना जवळ येऊ देत नव्हती. माणूस पाहिजे होता तो धरायला.

मी एका हाताने शिंग आणि एका हाताने कान धरला. राजेश्रीने मोबाईल धरला. खूण लाल. ती वाचून म्हणाली, काका, ॲप म्हणतंय, माणूस चित्रातून बाजूला घ्या. मी डावीकडे सरकलो. लाल. उजवीकडे. लाल. बायनाबाई म्हणाल्या, खाली बसा की, पण सोडू नका.

म्हशीच्या गळ्याखाली उकिडवा बसलो. तिची मान माझ्या डोक्यावर, गुडघे शेणात, दोन्ही हातांनी दावं आवळलेलं. वर बोलणं ऐकू येत होतं. राजेश्री म्हणाली, आली हिरवी. बायनाबाई म्हणाल्या, दाव बरं. मग दोघी फोटो बघत बसल्या, लय छान आलीय म्हणाल्या, जरा वेळाने चहा ठेवायला आत गेल्या.

मी अजून खालीच होतो.